कमलाक्षीच्या दहा चकत्या

मी कुंभार आहे. डिचोलीत आमच्या घरात चार पिढ्या चाक फिरतंय. हातची वस्तू फुटली की मला राग येतो, मग ती गिऱ्हाइकाच्या हातून फुटो की मांजराच्या शेपटीनं. असं असताना एका बाईनं तीन महिने दर रविवारी माझ्या हातच्या चकत्या बंदुकीनं उडवाव्यात आणि मी त्या टेम्पोत घालून तिला नेऊन द्याव्यात, हे माझ्या बायकोला, सत्यवतीला, अजून पटलेलं नाही. त्या वर्षी तुमचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं ती म्हणते. नसेल. पण त्या बाईबद्दल पेडण्यात जे सांगतात ते निम्मं खोटं आहे आणि उरलेल्या निम्म्यात माझी चूक कोणी सांगत नाही, म्हणून मी हे लिहायला घेतलं.

तिचं नाव कमलाक्षी. पेडण्यातल्या धारगळला हमरस्ता सोडून आत दीड-दोन किलोमीटर गेलं की तिच्या वडिलांचा काजूचा डोंगर लागतो. वडील बाबाजी. आमचा त्यांचा संबंध मडक्यांचा. काजूची दारू गाळायला पूर्वी मातीचं भाण लागायचं आणि गाळलेली धरून ठेवायला मातीची लावणी लागायची. दोन्ही माझ्या बापाकडून जायचं, मग माझ्याकडून जायला लागलं. पुढे तांब्याची भांडी आली तरी बाबाजी दर वर्षी एक लावणी न चुकता न्यायचे. कमलाक्षी परकरात होती तेव्हापासून त्यांच्यासोबत यायची आणि प्रत्येक मडक्यावर बोटाचं पेर वाजवून बघायची. आवाज बद्द आला की मडकं बाजूला. मला संताप यायचा, कारण तिनं बाजूला काढलेल्या मडक्याला तडा असायचाच.

तिनं लग्न केलं नाही. आई आठ वर्षं अंथरुणात होती आणि त्यात हिचं वय निघून गेलं, एवढं मला ठाऊक आहे. त्यापुढचं मी विचारलं नाही आणि ती सांगणारी नव्हे. डोंगर तीच बघायची. बोंडं वेचायला बायका लावणं, रसासाठी ती मळणं, भट्टी, बिया वाळवणं, सगळं. बाबाजींकडे शेवटी एकच काम उरलं होतं, ते बंदुकीचं. शेतीच्या राखणीसाठी त्यांच्या नावावर परवान्याची दुनळी बंदूक होती. त्या बंदुकीनं त्यांनी कधी काही मारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी डोंगरावर चढायचे आणि आकाशात एक बार काढायचे. रानडुकरांचा कळप मुकाट्यानं दुसऱ्याच्या डोंगरात जायचा आणि माकडं दोन दिवस फिरकायची नाहीत.

दोन हजार अठराच्या पावसाळ्याच्या तोंडावर बाबाजी वारले. परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गेला की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. ती परत हवी तर वारसानं अर्ज करायचा. अर्जाला दोन कागद हवेत. एक म्हणजे बाकीच्या वारसांची हरकत नाही याचा, आणि दुसरा म्हणजे अर्ज करणाऱ्याला बंदूक हाताळता येते असा जाणत्या माणसाचा दाखला.

बाकीचे वारस म्हणजे तिचा एकच धाकटा भाऊ, गुरुदास. म्हापशाला सरकारी नोकरीत आहे. मी समाचाराला गेलो तेव्हा तो तिथंच होता आणि माझ्यासमोरच विषय निघाला. डोंगर घ्यायला गिऱ्हाईक आलं होतं. विमानतळाचं काम सुरू झाल्यापासून त्या भागात अशी गिऱ्हाइकं रोज यायची. गुरुदासाचं म्हणणं असं की बाबा होते तोवर ठीक, पण आता एकट्या बाईनं डोंगरात राहायचं, डुक्कर अंगावर आलं तर आम्हाला म्हापशाला कळणार कधी. तो वाईट माणूस नव्हे. बोलताना त्याचे डोळे भरले होते, हे मी बघितलं. शेवटी त्यानं तोड काढली. हरकत नसल्याचा आणि विक्रीचा, दोन्ही कागद मी तयार करून ठेवतो, तो म्हणाला. वर्ष संपायच्या आत तू दाखला आणलास तर मी बंदुकीच्या कागदावर सही करतो, नाही आणलास तर तू डोंगराच्या विक्रीवर सही करायची.

"तुका जमाचा नाय ता माका म्हायत आसा," तो म्हणाला, "म्हणानच सांगतंय."

ती लगेच हो म्हणाली. चहाचे कप उचलून आत गेली. मी मनात म्हटलं, झालं, डोंगर गेला.

दाखला देणारा माणूस मात्र मीच तिला दाखवला. यशवंत दोडामार्गाकडचा. सतरा वर्षं पलटणीत काढली, तिथल्या संघातून चकत्यांवर नेम मारायच्या स्पर्धा खेळला, मग डिचोलीला येऊन खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर झाला. त्या वर्षी खाणी बंद पडल्या, ट्रक रस्त्याकडेला उभे राहून गंजायला लागले आणि यशवंताला वेळच वेळ झाला. गावाबाहेर चिऱ्यांची एक जुनी खाण आहे, चिरे काढून सोडून दिलेली. तिला तीन बाजूंनी उभ्या भिंती आहेत. मालकाची परवानगी घेऊन आणि ठाण्यात कळवून तो दर रविवारी तिथं बागायतदारांना बंदूक शिकवायचा. ट्रकच्या तुटलेल्या कमानपाट्यातून त्यानं एक फेकणी बनवली होती. तिच्या हातावर चकती ठेवायची, दोरी ओढली की चकती गरगरत हवेत जायची.

त्याच्या दाखल्याला कचेरीत मान होता, कारण तो सहजासहजी द्यायचा नाही. त्याचा स्वतःचा नियम होता. हवेत सोडलेल्या दहा चकत्यांपैकी पाच फोडायच्या, तरच सही. लोक कुरकुरायचे. डुक्कर काय उडतं काय, असं एकानं त्याला तोंडावर विचारलं होतं. यशवंत चिडला नाही.

"डुक्कर उडणा नाय ता माका म्हायत आसा," तो म्हणाला. "पण उभ्या वस्तूर डोळे मिटून पण बार बसता. उडत्या चकतीर बसणा नाय. डोळे मिटून चाप ओढणाऱ्याक मी बंदूक देवचंय नाय."

कारखान्यातल्या चकत्या डांबर आणि चुनखडीच्या असतात आणि त्या फार लांबून मागवाव्या लागतात. म्हणून यशवंत माझ्याकडे आला होता. त्याला बशीएवढ्या, भाजलेल्या मातीच्या चकत्या हव्या होत्या. मी त्याला अंगणातून घालवून दिला. भट्टीतून निघालेलं भांडं आपण मुद्दाम फोडतो ते एकदाच, मसणात. फोडण्यासाठी म्हणून मी भट्टी लावणार नाही, असं मी त्याला सांगितलं. तो दोन दिवसांनी परत आला आणि म्हणाला, मग न भाजता दे. कच्ची माती अजून भांडं झालेली नसते. फुटली तर भिजवली की पुन्हा माती. तेव्हापासून मी त्याला कच्च्या चकत्या करून देत होतो. कड जाड, मधे थोडी फुगीर, दोन दिवस सावलीत आणि मग उन्हात वाळवलेली. फुटलेले तुकडे पोत्यात भरून परत यायचे. ते भिजवून माती चाळणीतून काढायला लागायची, कारण तिच्यात शिशाचे छर्रे असायचे आणि एक जरी राहिला तरी चाकावर बोट कापायचं.

ऑक्टोबरचा पहिला रविवार, कमलाक्षीचा शिकायचा पहिला दिवस. पाऊस ओसरला होता आणि चकत्या वाळायला लागल्या होत्या. यशवंतानं दोन बंदुका आणल्या होत्या, एक जुनी बारा बोराची दुनळी आणि एक वीस बोराची, आकडा मोठा पण नळी बारीक आणि हलकी. आधी बराच वेळ त्यानं एकही काडतूस बाहेर काढलं नाही. बंदूक मोडून, म्हणजे नळी खाली पाडून कशी धरायची, चालताना ती उघडीच कशी ठेवायची, तोंड कुणाकडे वळवायचं नाही, चापावर बोट केव्हा जायचं, कानात कापूस, डोळ्यांवर खाणीतला चष्मा. कमलाक्षी सगळं एकदाच ऐकायची आणि चुकायची नाही. मग त्यानं तिच्या हातात वीस बोराची दिली. ती तिनं परत केली.

"बाबांची बंदूक बारा बोराची," ती म्हणाली. "ठाण्यातून तीच येतली. मगे ह्या खेळण्यार शिकान काय करू?"

यशवंतानं समजावून बघितलं. नवशिक्यानं हलक्या बंदुकीवर हात बसवायचा, धक्का कमी लागतो, दस्ता खांद्यात नीट बसतो. बाबाजींची बंदूक कुठं पळून जात नाही. पण तिनं मान हलवली नाही आणि त्यानं बारा बोराची दिली. तिथं त्याची चूक झाली असं मी त्याला पुढे सांगितलं. तो म्हणाला, काही माणसांना सांगून उपयोग नसतो, खांद्यानं सांगावं लागतं.

खांद्यानं चांगलंच सांगितलं. तो दस्ता तिच्या हाताला दोन बोटं लांब होता. तो काखेपाशी अडकायचा आणि बार झाला की हाडावर आदळायचा. तिनं सहा बार काढले. घरी जाताना आमच्याकडे पाणी प्यायला थांबली तेव्हा सत्यवतीनं उजवा खांदा बघितला, निळाजांभळा झाला होता. आंबेहळद उगाळून लावली. कमलाक्षीनं पुढच्या रविवारी पुन्हा बारा बोराचीच घेतली, त्याच्या पुढच्याही.

त्या तीन रविवारांची पोती मला आठवतात. पोत्यावरून मला सगळं कळायचं. छर्रे लागलेली चकती पिठासारखी होते, तिचं परत येतं काय तर मूठभर चुरा. न लागलेली जमिनीवर पडते, तिचे दोन तुकडे होतात, नाहीतर गवतात पडून अख्खी राहते. तिची पोती अख्ख्या चकत्यांनी आणि दोन-दोन तुकड्यांनी भरलेली असायची. चुरा नावाला नाही. मला राग यायला हवा होता तो फुटल्याचा, पण मी चिडायला लागलो न फुटल्यावर.

चौथ्या रविवारी यशवंतानं एक गोष्ट केली. तिला न सांगता बंदुकीत रिकामं काडतूस घातलं. चकती सुटली, तिनं नेम धरला, चाप ओढला. बार झाला नाही. पण बंदुकीचं तोंड खाली झुकलं आणि तिनं दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. मी फेकणीजवळ उभा होतो, मलाही दिसलं.

"बघलंस?" यशवंत म्हणाला. "बार झालोच नाय. तरी तू डोळे मिटलंस."

ती एका चिऱ्यावर जाऊन बसली. मला वाटलं, आता रडणार. ती उठली, दुनळी मोडून बाजूला ठेवली आणि वीस बोराची उचलली. यशवंतानं तिला कोपर वाकवायला लावलं, दस्ता कोपराच्या बेचक्यात धरला आणि बोट चापापर्यंत कुठं पोचतं ते बघितलं. पोचत नव्हतं. त्यानं तिथंच करवतीनं स्वतःच्या बंदुकीच्या दस्त्याचं दोन बोटांएवढं लाकूड कापून टाकलं आणि त्या जागी टायरच्या रबराची चकती ठोकून बसवली. ती नको नको म्हणत होती. तो म्हणाला, डोळे उघडे राहायला लागले की तुझ्या बापाची बंदूकही अशीच कापून देईन, मग ती बाराची आहे की विसाची हे तुझ्या लक्षातही येणार नाही.

पण डोळे मिटायची सवय लागली होती आणि नुसती बंदूक बदलून ती जाईना. मग तिनं जे केलं त्यावर पेडण्यात लोक अजून हसतात. तिच्या शेजारी पार्वती म्हणून बाई राहते. तिला कमलाक्षीनं अंगणात पाठीमागे उभी केली, हातात दांडा दिला आणि समोर जुना पत्रा ठेवला. पार्वतीनं मनाला येईल तेव्हा पत्र्यावर दांडा हाणायचा आणि कमलाक्षीनं सुईत दोरा ओवत बसायचं. रोज, भांडी घासून झाली की. पहिल्या आठवड्यात एकदाही दोरा गेला नाही, असं पार्वतीनं मला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात पार्वतीचे हात भरून आले आणि पत्रा चेमटला, पण दोरा जायला लागला. बाई बापामागून वेडी झाली, असं वाड्यावर बोलत होते. कमलाक्षीपर्यंत ते पोचलं होतं. तिनं त्याकडे लक्ष दिलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर पोत्यात मला एक चकती मिळाली. अख्खी होती, पण मधोमध एक बारीक भोक. एक छर्रा लागला होता. ती चकती मी भिजवली नाही. घरी नेऊन सत्यवतीला दाखवली. ती म्हणाली, चकतीला भोक पडलं यात कसला आलाय आनंद. मी तिच्याशी त्या दिवशी बोललो नाही.

आता डोळे उघडे होते, पण दुसरीच अडचण निघाली. ती नेम धरून बंदूक चकतीमागून फिरवायची आणि चाप ओढताना थांबवायची. बंदूक थांबली की चकती पुढे निघून जाते आणि छर्रे मागे पडतात. यशवंतानं बरंच सांगितलं आणि शेवटी वैतागून म्हणाला, "केर काढताना मदीच झाडू थांबवतंस काय? नाय मां? मगे बंदूक कित्याक थांबवतंस?"

पुढच्या चकतीला ती थांबली नाही. बार झाला आणि चकतीच्या जागी तांबडा धुरळा उरला. तो हळूहळू खाली आला. माझी चकती, माझ्या हातची, आणि मला इतका आनंद झाला की मी दोरी सोडून टाळी वाजवली. कमलाक्षीनं बंदूक मोडली, रिकामं काडतूस काढून खिशात घातलं आणि म्हणाली, दुसरी सोड.

डिसेंबर लागला तसं दहात तीन फुटायला लागल्या, कधी चार. एकदा पाच फुटल्या आणि पुढच्या खेपेला दोनच. परीक्षा तीस तारखेला ठरली, वर्षातला शेवटचा रविवार. त्याआधीच्या गुरुवारी ती काही कामानं डिचोलीला आली होती. ती वाळली होती. चहा घेताना तिनं विचारलं, डोंगर विकल्यावर घेणारे झाडं ठेवतात की काढून टाकतात. मी म्हटलं, मला काय ठाऊक. ती गेल्यावर मला दुपारचं जेवण गेलं नाही. दहात तीन, दहात चार. मी बोटांवर मोजत बसलो आणि दर वेळी पाचाच्या अलीकडेच संपत होतं.

मग मी शहाणपणा केला. भाताचं तूस बारीक चाळून मातीत घातलं, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, आणि चकत्या पातळ काढल्या. हिशेब असा की एक छर्रा जरी कडेला चाटून गेला तरी चकतीचा भुगा व्हावा. वरून त्या नेहमीसारख्याच दिसत होत्या. सत्यवतीनं विचारलं, तूस कशाला चाळताय. मी म्हटलं, चुलीला. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्याशी खोटं बोललो ते चकत्यांपायी.

रविवारी सकाळी गुरुदास स्कूटरवरून आला. प्लास्टिकच्या फाइलमध्ये दोन्ही कागद होते. त्यानं बहिणीला खांदा दुखतो का ते विचारलं आणि एका चिऱ्यावर बसला. यशवंतानं कमलाक्षीची उभं राहण्याची जागा आखली. मी फेकणीवर होतो.

पहिली चकती सोडली. ती नेहमीसारखी सपकन गेली नाही. निघाली जोरात आणि मधेच वेग मोडून वाऱ्यावर तरंगायला लागली, सुकलेल्या पानासारखी. कमलाक्षी अडीच महिने जड चकत्यांवर शिकली होती. चकती कुठं असेल ते तिच्या हाताला पाठ होतं. तिनं बरोबर तिथं बार काढला आणि चकती अजून तिथं पोचलीच नव्हती. दुसरी तशीच गेली. तिसरी फेकणीच्या हातावरच मोडली, ती यशवंतानं मोजणीत धरली नाही. पुढची फुटली. त्यानंतरच्या तीनही चुकल्या. तिनं एकदा यशवंताकडे बघितलं. यशवंत चकतीकडे बघतच नव्हता, तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. डोळे उघडे होते. बंदूक थांबत नव्हती. तरी लागत का नाही, हे त्याला कळेना. मला कळत होतं. माझ्या हातात दोरी होती.

सहा झाल्या तेव्हा तिची एकच फुटली होती. उरलेल्या चारही लागल्या असत्या तर पाच. मी स्वतःला म्हटलं, लागतील. सातवी सोडली. ती चुकली आणि परीक्षा तिथंच संपली. गुरुदास उठला. त्यानं फाइल उघडली, पण कागद काढला नाही, नुसता उभा राहिला. कमलाक्षीनं बंदूक मोडली आणि आठव्या काडतुसासाठी हात खिशात घातला. आता त्याचा उपयोग नव्हता तरी घातला.

तेव्हा मी बोललो. आधी बोलायला हवं होतं, ते मला ठाऊक आहे.

"यशवंता, थांब. चकत्यांत मी तूस घातलंय. हलक्यो जाल्यात त्यो."

यशवंत माझ्याजवळ आला. त्यानं टोपलीतली एक चकती उचलून दोन बोटांत दाबली. ती पापडासारखी मोडली. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा आहे, पण त्या क्षणी त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कमलाक्षी जागेवरून हलली नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं.

गुरुदास म्हणाला, ठरलं होतं ते दहाचं, सात तर होऊन गेल्या. यशवंतानं त्याला शांतपणे सांगितलं की सदोष चकती कुठंच धरत नाहीत, मोठ्या स्पर्धेतसुद्धा नाही. परीक्षा पहिल्यापासून होईल. गुरुदासानं विचार केला आणि म्हणाला, व्हायची तर आजच होऊ दे, उद्या साल संपतंय. यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण धड चकत्या होत्या कुठं? मी सगळ्या तुसाच्याच आणल्या होत्या. टेम्पोत मागच्या रविवारचं पोतं तसंच पडलं होतं, माझ्या शहाणपणाच्या नादात मी ते उतरवलं नव्हतं. ते जमिनीवर ओतलं. तुकड्यांतून अख्ख्या बारा निघाल्या, तिनं मागच्या खेपेला चुकवलेल्या. यशवंतानं एकेक फिरवून बघितली. दोन तडकल्या होत्या. दहा राहिल्या.

पहिली फुटली. दुसरी फुटली. तिसरी चुकली. चौथी फुटली. पाचवी आणि सहावी चुकली आणि मला वाटलं, हिचा खांदा आता भरून आला असणार, आधीचे बार काही कमी नव्हते. तिनं खांदा एकदा फिरवला, दस्ता गालाला लावला आणि सोड म्हणून मान हलवली. सातवी फुटली. आठवीच्या कडेला छर्रा चाटून गेल्यासारखा वाटला, पण तुकडा पडला नाही, आणि यशवंतानं ती धरली नाही. तूस असतं तर ती फुटली असती, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मला माझीच लाज वाटली. नववी उजव्या अंगाला गेली, भिंतीकडे, वाईट गेली होती. बंदूक तिच्यामागून गेली, तिला गाठून पुढे गेली, आणि धुरळा झाला.

यशवंत म्हणाला, पाच झाल्या, पुरे. ती म्हणाली, दहा म्हटलंत ना. दहावी मी सोडली आणि तिनं ती चुकवली. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

दाखला यशवंतानं टेम्पोच्या बॉनेटवर लिहिला. गुरुदासानं तो दोनदा वाचला, मग फाइलमधून हरकत नसल्याचा कागद काढून त्यावर सही केली. दुसरा कागद घडी करून त्यानं खिशात घातला. जाताना बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्कूटर चालू केली.

मी तिला धारगळला सोडायला निघालो. अस्नोडा मागे पडलं. आतून मला वाटत होतं की आता सगळं गोड झालंय, तर ती हसून सोडून देईल. कोलवाळच्या पुलावर टेम्पो चढला तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "धाकूदादा, माका जमाचा नाय, असा गुरुदासान तोंडार सांगल्यान. तू मातयेन सांगलंस."

तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मी भांडलो असतो. मी मायेनं केलं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण गुरुदासही मायेनंच करत होता आणि ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्याचा तिच्यावर विश्वास नाही म्हणून मी त्याला सहा महिने मनात नावं ठेवली. त्यानं निदान तिला कळेल असं सांगितलं होतं. मी गप्प बसून मातीत तूस मिसळलं होतं. मी वाक्य गिळलं आणि गाडी चालवत राहिलो.

तिच्या फाट्यावर टेम्पो थांबवला. ती डाव्या हातानं दार उघडून उतरली, कारण उजवा वर होत नव्हता. दार लावून ती खिडकीशी आली आणि म्हणाली, आता यशवंतभाऊंकडे बारा बोराची शिकायची आहे, पुढल्या रविवारच्या चकत्या घट्ट मळून आण.

मी हो म्हटलं.